बुधवारचे सर

आमच्या शाळेच्या संगणककक्षात चपला बाहेर काढाव्या लागतात. धूळ हे सांगायचं कारण. खरं कारण सर. वीस संगणकांचं सोवळं त्यांनी असं सांभाळलंय की लोणच्याच्या बरणीला हात लावू न देणारी आजीसुद्धा त्यांच्यापुढे ढिली वाटेल.

सरांचं वैर एकाशीच, अपडेटशी. हा शब्द ते ‘पाहुणे’ म्हणावं तशा सुरात उच्चारतात. न कळवता येणार, दार अडवून बसणार, आणि गेल्यावर घरातली एक तरी वस्तू जागेवर सापडणार नाही. त्याला तसंच कारण घडलं होतं. तपासणीला साहेब आले, सर ऐटीत म्हणाले, “मुलांनो, चालू करा,” आणि वीसच्या वीस पडद्यांवर ठिपके गोल फिरू लागले. संगणक बंद करू नका! साहेबांनी पोहे खाल्ले, चहा घेतला आणि चार टक्क्यांवर निरोप घेतला.

तेव्हापासून सरांनी व्रत घेतलं. विंडोजचा महिन्याचा मोठा हप्ता दुसऱ्या मंगळवारी सुटतो. तिकडे अमेरिकेत सकाळ तेव्हा आपल्याकडे रात्र, म्हणून आमच्या गावात तो उगवतो बुधवारी. त्या बुधवारी कक्षाला कुलूप आणि दारावर पाटी, ‘देखभाल’. आत सर एकटे.

उपाय तरी किती केले! अपडेटची सर्व्हिस बंद केली, तर विंडोज 10 मध्ये ‘मेडिक’ नावाची दुसरी सर्व्हिस येऊन तिला उठवून बसवते. पुढे ढकलायचं म्हटलं तर मुदत फार तर 35 दिवस. ती संपली की आधी साचलेलं सगळं घ्यायचं, मगच नवी मुदत. सोसायटीच्या कर्जाचं नवं-जुनं करतात ना, अगदी तसंच. शेवटी सरांनी ग्रुप पॉलिसीत शिरून नाकाबंदी केली, आणि वर शाळेचं ब्रॉडबँड मीटरवर चालतं असं प्रत्येक संगणकाला खोटंच सांगून ठेवलं. जन्मात मारलेली ही एकच थाप, असं ते म्हणतात.

या अडवाअडवीपायी त्यांना प्रत्येक अपडेटचा नंबर, आकार आणि खोड्या तोंडपाठ. शाळेत अद्ययावत म्हणावं असं दुसरं काही नाही.

मे 2017 मध्ये वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला, ब्रिटनमधली इस्पितळं अडकली. त्यावरची दुरुस्ती मार्चमध्येच येऊन गेली होती, म्हणजे सापडले ते न घेणारे. आमच्या एकाही संगणकाला धक्का लागला नाही. लागणार कसा? उन्हाळ्याची सुट्टी होती आणि शिपाईमामांनी मेन स्विच पाडून ठेवला होता. जूनमध्ये सर स्टाफरूममध्ये म्हणाले, “शेवटी शिस्त असते!” मामा कप गोळा करत राहिले.

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चे फुकटचे हप्ते थांबले. दिवाळीची सुट्टी संपली, नोव्हेंबरातला तो बुधवार आला. कुलूप लागलं, पाटी लागली. मधल्या सुट्टीत मी खिडकीतून डोकावलो. सर एक नंबरच्या संगणकापुढे बसून ‘अपडेट तपासा’ हे बटण स्वतः दाबत होते.

मला पाहून दचकले. “सवय हो,” म्हणाले, आणि पुन्हा दाबलं.