वांगणीमार्गे देवयानी

हौशी आकाशनिरीक्षकाचा प्रवास पंचांगापासून सुरू होतो. चंद्राच्या उजेडात फिकट तारे बुडतात, म्हणून त्याला अमावास्या लागते; नोकरी सुटत नाही, म्हणून अमावास्येजवळचा शनिवार लागतो. ज्याचा मुहूर्तावर काडीचा विश्वास नाही, असा माणूस तिथी पाहून घर सोडतो तो एवढ्याच कामासाठी. त्यातून शनिवार आणि अमावास्या एकाच दिवशी आल्या, तर घरातली वडीलधारी मंडळी हादरतात. मुक्काम गावाबाहेरच्या उघड्या माळावर आहे, हा तपशील त्यांच्यापासून लपवण्याची प्रथा आहे.

पुणेकरांकडे या छंदासाठी १९४४ पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे. मुंबईकरांकडे वांगणी आहे. मध्य रेल्वेवर बदलापूरच्या पुढे, शेलूच्या अलीकडे हे स्टेशन लागते. देवयानी दीर्घिका इथून सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे दूर आहे, पण प्रवासातला खडतर टप्पा दादर ते कल्याण हाच. शनिवार संध्याकाळच्या कर्जत लोकलमध्ये दुर्बिणीची लांबलचक नळी घेऊन चढणाऱ्याला आत काय आहे हे निदान चार जणांना सांगावे लागते. ‘यातून भविष्य दिसतं का?’ हा पाचवा प्रश्न ठाण्यानंतर येतो.

सामानात सतरंजी, स्वेटर, कानटोपी, चहाचा थर्मास आणि लाल जिलेटिनचा कागद लावलेली बॅटरी असावी. डोळे अंधाराला सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात; लाल उजेडाने तो सराव फारसा बिघडत नाही. सगळ्यांचे डोळे नेमके सरावतात तेव्हा कोणीतरी घरी ‘पोचलो’ असे कळवायला मोबाइल काढतो. मग पुन्हा वीस मिनिटे. त्या वेळात डबे उघडले जातात, आणि अंधारात कोणाची बटाट्याची भाजी कोणी संपवली याचा शोध पुढे लागत नाही.

डिसेंबर-जानेवारीत पूर्वेला मृग वर चढलेला असतो, त्याच्या मागोमाग व्याध येतो. ध्रुवतारा उत्तरेला जेमतेम १९ अंशांवर, म्हणजे हात लांब करून क्षितिजावर एकावर एक ठेवलेल्या दोन मुठींच्या जरा खाली सापडतो. तो सर्वांत ठळक तारा असणार अशी बहुतेकांची समजूत असते, त्यामुळे त्याची पहिली भेट निराशेची होते. व्याधाचा प्रकाश साडेआठ वर्षांपूर्वी निघालेला असतो. सतरंजीवर झोपी गेलेले सहा वर्षांचे पोर तेव्हा जन्मलेलेही नव्हते. कृत्तिकांचा प्रकाश तर शिवरायांच्या जन्माआधीच निघाला. तो वेळेवर पोचतो. खोळंबते ती दुर्बिणीपुढची रांग.

रांग खोळंबण्याचे कारण पृथ्वीच आहे. ती फिरते, त्यामुळे यंत्राने न फिरणाऱ्या दुर्बिणीतून ग्रह मिनिटा-दोन मिनिटांत बाहेर सरकतो. आजोबांनी चष्मा काढून पुसून खिशात ठेवेपर्यंत शनी निघून गेलेला असतो. ज्यांना तो कड्यासकट दिसतो, त्यांतल्या एखाद्याला भिंगावर स्टिकर लावल्याची शंका येते, आणि तो दुर्बिणीच्या तोंडापाशी जाऊन खात्री करून घेतो. तेवढ्यात तिचा रोख हलतो.

देवयानीचे प्रकरण वेगळे. मासिकातल्या रंगीत छायाचित्रांवर वाढलेल्या पाहुण्याला इथे डस्टर फिरवलेल्या फळ्यावर उरतो तसा धुरकट डाग दिसतो. तोही नीट दिसावा म्हणून त्याच्या जरा बाजूला पाहावे लागते, कारण मंद प्रकाश टिपणाऱ्या पेशी दृष्टिपटलाच्या मध्यभागी नसून कडेला असतात. वाकड्या नजरेने पाहणे शिष्टसंमत आहे असे हे एकमेव क्षेत्र. डाग दिसल्यावर काही जण गप्प होतात, काही ‘एवढंच?’ म्हणतात. दोन्ही प्रतिसाद प्रामाणिक आहेत.

मध्यरात्रीनंतर दव पडते, भिंगे धुरकटतात, आणि शास्त्रीय चर्चा चहा उरला आहे का या मुद्द्यावर येते. वायव्येला बदलापूरचा उजेड दर वर्षी थोडा वर सरकतो. आता तर इमारती खुद्द वांगणीतही उभ्या राहिल्या आहेत. पहाटे आग्नेयेला वृश्चिक उगवते तेव्हा जागे असतात ते हाडाचे हौशी, आणि गावातली कुत्री.

पहिल्यांदा जाणाऱ्याने दुर्बीण विकत घेण्याची घाई करू नये. कानटोपी मात्र स्वतःची असावी.