झोपमोड न करणारी झडती

घराला भिंती असाव्यात ही युक्ती मनुष्यजातीने ऊन, पाऊस आणि शेजारी यांच्या निवारणार्थ काढली. परंतु सरकार नामक चौथ्या उपद्रवापुढे ती कितपत टिकते, याचा निवाडा इंग्लंड-अमेरिकेच्या न्यायालयांत गेली चारशे वर्षे चालू आहे. प्रत्येकाचे घर हा त्याचा किल्ला होय, असे इंग्रजांच्या न्यायासनाने १६०४ साली सांगून टाकले खरे. तथापि किल्ला म्हटला की वेढा आलाच, आणि वेढा घालणाऱ्याच्या हाती काळानुरूप नवे हत्यार आलेच. अमेरिकेच्या पोलिसांहाती आलेले असे एक हत्यार म्हणजे ‘रेंज-आर’ नावाचे, हातात मावणारे रडार होय.

या यंत्राची करामत अशी, की ते भिंतीला टेकवून कळ दाबली असता त्यातून रेडिओलहरी निघतात, वीट, लाकूड वा काँक्रीट भेदून आत शिरतात, जे समोर येईल त्यावर आदळून परत फिरतात, आणि परतलेल्या लहरींत फेर पडलेला दिसला, तर आत काही हलते आहे असे अनुमान निघते. लहरींचे मूळ आणि निरीक्षक परस्परांच्या जवळ वा दूर सरकू लागले की लहरींची वारंवारता बदलते, हा सिद्धांत ख्रिश्चन डॉप्लर याने १८४२ साली प्राग येथे ताऱ्यांच्या रंगांचा विचार करताना मांडला. ज्या सूत्राने त्या सत्पुरुषाने नभोमंडल न्याहाळले, त्याच जातीच्या ज्ञानाने फौजदार साहेब आता परक्याची माजघरे न्याहाळू लागले, यास विज्ञानाची प्रगती असे म्हणतात. सुमारे ५० फुटांपर्यंत, निपचित पडलेल्या माणसाच्या छातीचा श्वासागणिक होणारा उठावही यंत्राला कळतो. मात्र ते चित्र दाखवीत नाही. हालचाल आहे, आणि ती इतक्या अंतरावर आहे, एवढीच त्याची जबानी. आत श्वास घेणारा प्राणी फरारी आरोपी आहे, त्याची सासू आहे, की कोपऱ्यात निजलेले कुत्रे आहे, याचा खुलासा करण्याच्या भानगडीत ते पडत नाही. आणि साक्षीदार एवढा मितभाषी असला म्हणजे त्याच्या साक्षीचा हवा तो अर्थ लावण्याची सोय अनायासेच होते.

कॅन्सस राज्यातील विचिटा येथे, तुरुंगातून सुटल्यावर ठरलेली हजेरी देण्याचे ज्याने सोडून दिले होते अशा एका इसमाच्या घरावर अंमलदार अटकेचे वॉरंट घेऊन गेले, तेव्हा आत शिरण्यापूर्वी त्यांनी हे यंत्र भिंतीला लावले. पुढे डेन्व्हर येथील संघीय अपील न्यायालयात प्रकरण गेले, आणि डिसेंबर २०१४ मधील निकालपत्रात न्यायमूर्ती नील गोर्सच, जे २०१७ साली सर्वोच्च न्यायालयात गेले, त्यांनी बजावले की असे यंत्र झडतीच्या वॉरंटाविना घरावर रोखण्याने राज्यघटनेविषयी गंभीर प्रश्न उभे राहतात. परंतु त्या प्रश्नांची उत्तरे देण्याचा प्रसंग त्यांनी टाळला, आणि त्याचे कारण मोठे मननीय आहे: घराच्या विजेपाण्याचे खाते त्या इसमाच्याच नावे होते, तो कोठे नोकरीस असल्याची नोंद नव्हती, आणि बाहेरचा विजेचा मीटर गरगर फिरत होता, तेव्हा गृहस्थ सकाळच्या प्रहरी घरात असावा, असे मानण्यास रडारावाचूनही आधार पुरेसा होता. म्हणजे ६००० डॉलर किमतीच्या यंत्राने जे भिंतीतून शोधून काढले, ते भिंतीबाहेरचा मीटर फुकट सांगत होता. मग यंत्राची गरज काय, असे विचारणाऱ्यास राज्यकारभाराचे मर्म उमगलेले नाही. मीटर पाहिला तर त्यावरून तर्क करावा लागतो, तर्क केला तर तो कागदावर लिहावा लागतो, आणि लिहिलेले कारण उद्या न्यायाधीश वाचतो; यंत्रामुळे माहितीत भर पडो वा न पडो, कारण देण्याचे कष्ट खासच वाचतात.

हे कष्ट किती जण वाचवीत होते, तेही यथावकाश उघड झाले. किमान ५० अमेरिकी पोलीस यंत्रणांपाशी, त्यांत एफबीआय आणि मार्शल खातेही आले, ही रडारे दोन वर्षांहून अधिक काळ होती आणि जनतेला त्याची वार्ताही नव्हती, असे जानेवारी २०१५ मध्ये ‘यूएसए टुडे’ पत्राने छापले. जनतेच्या श्वासोच्छ्वासाची खबर सरकारला आणि सरकारच्या खरेदीची खबर जनतेला, अशी फिट्टंफाट झाली असती तर एकवेळ चालले असते.

वास्तविक यंत्राने घरात डोकावण्याविषयी तेथील सर्वोच्च न्यायालयाचा दाखला पूर्वीपासून होता. १९९२ साली ऑरेगन राज्यातील फ्लॉरेन्स गावी, एका घरात गांजाची लागवड होते या संशयावरून, अंमलदारांनी रस्त्यावर मोटारीत बसून उष्णतादर्शक यंत्राने ते घर पाहिले, तो गॅरेजचे छप्पर अवाजवी तापलेले आढळले. २००१ साली पाच विरुद्ध चार मतांनी न्यायालयाने ठरविले की हीही झडतीच होय, आणि झडतीस वॉरंट हवे. घरधनीण रात्री कोणत्या वेळी स्नान करते हेसुद्धा अशा यंत्रातून कळेल, अशी चिंता निकालपत्र लिहिणाऱ्या न्यायमूर्ती स्कालिया यांनी व्यक्त केली. परंतु निकालात एक मेख राहून गेली: ही मनाई, जी यंत्रे सर्वसामान्यांच्या वापरात नाहीत, अशांपुरती आहे. तात्पर्य, नागरिकाच्या एकांताचे मोल राज्यघटनेपेक्षा बाजारात अधिक नेमके ठरते. २०१५ च्या सुमारास ते ६००० डॉलर होते, उद्या नाताळच्या सवलतीत हेच रडार खेळण्यांच्या दुकानात आले, की ज्याच्या त्याच्या नातवाच्या हाती असलेली वस्तू पोलिसांनीच का वापरू नये, असा बिनतोड सवाल पुढे येईल.

यंत्राची निंदा करण्याचा आमचा हेतू नाही. २०१५ च्या नेपाळच्या भूकंपात ‘नासा’च्या साहाय्याने तयार झालेल्या ‘फाइंडर’ नामक रडाराने हृदयाचे ठोके टिपले, आणि चौतारा गावी ढिगाऱ्याखालून चार माणसे जिवंत निघाली. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर हल्ला झाला, तेव्हा हॉटेलच्या बंद खोल्यांत अतिरेकी कोठे आणि ओलीस कोठे हे न कळता जवानांना दारे फोडावी लागली. त्या अनुभवानंतर आपल्या डीआरडीओने ‘दिव्यचक्षु’ नावाचे भिंतीपलीकडे पाहणारे रडार विकसित करण्यास घेतले, ते योग्यच होय. ढिगाऱ्याखालच्या माणसाला आणि ओलीस ठेवलेल्याला आपण सापडावे अशी तळमळ असते. वाद आहे तो आपल्या घरी, आपल्या खाटेवर, कोणास न सापडता पडून राहू इच्छिणाऱ्या मनुष्याचा.

अशा मनुष्याच्या बाबतीत हिंदुस्थानचा कायदा मात्र यंत्राला विलक्षण अनुकूल करून घेता येईल. उत्तर प्रदेशातील एका पाळतीवरील इसमाच्या दारावर शिपाई रात्री-अपरात्री येऊन थापा मारीत, हाका घालीत आणि त्याला झोपेतून उठवीत. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने या रात्रीच्या गृहभेटी घटनाबाह्य ठरविल्या. रडाराने थाप नको, हाक नको, झोपमोड नको. इसम घोरत राहील आणि घोरण्याची नोंद आपोआप होईल. २०१७ साली नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला, ही किंचित अडचण आहे. परंतु हक्काचा भंग झाल्याचे ज्याला कळलेच नाही, तो फिर्याद घेऊन येणार कोठून? राहता राहिला पंचनामा. तोही दोन प्रतिष्ठित पंचांना भिंतीशी उभे करून असा लिहिता येईल, की ‘आम्हां पंचांसमक्ष घरात एक श्वास मिळून आला, तो जागेवरच सोडून देण्यात आला.’

एक वैगुण्य तेवढे सांगणे प्राप्त आहे. या लहरी धातूतून पार जात नाहीत. यावरून कोणी घराला आतून पत्रा ठोकू नये; तसे करणारा इसम तेवढ्यानेच संशयित ठरेल. सरकारी दफ्तर मात्र पूर्वापार लोखंडी कपाटांतच असते, आणि कोणाच्या भिंतीवर कधी, कशासाठी, कोणाच्या हुकुमाने यंत्र लावले याचे कागदही तेथेच विसावणार. तेव्हा रडार नागरिकाच्या हाती दिले तरी ते कोणत्या बाजूने आंधळे राहणार, हे ठरलेलेच आहे. दोन्ही बाजूंस सारखा न्याय हवा असा हट्ट असणाऱ्यांनी म्हणून यंत्र मागू नये, कपाटाची किल्ली मागावी. आणि मागायला जाताना दार अवश्य ठोठावावे, कारण ती रीत दोहोंपैकी एका पक्षाने तरी चालू ठेवली पाहिजे.