तीन भोकांची फळी

बॉस्टनहून स्ट्रॅटनच्या डोंगराकडे जाताना ब्रॅटलबरो मागे पडलं की तीस नंबरचा रस्ता लागतो आणि त्या रस्त्यावर जमैका नावाचं गाव येतं. छपरांवर हातभर बर्फ, टपालपेट्यांवर बर्फ आणि पाटीवर 'जमैका'. "क्रिकेटवालं का रे?" हिने स्वेटरवर दुसरा स्वेटर चढवत विचारलं. नाही, क्रिकेटवालं वेगळं. हे व्हरमाँटमधलं.

व्हरमाँटमध्ये रस्त्याकडेच्या जाहिरातफलकांना १९६८च्या कायद्याने बंदी आहे. देखावा सुंदर दिसतो हे मान्य, पण एसटीच्या खिडकीतून मूळव्याधीपासून सिमेंटपर्यंत सगळं वाचत मोठा झालेला माणूस अशा रस्त्यावर बेचैन होतो. शेवटी मी मांडीवरचं खोकंच वाचायला घेतलं. त्यात पुतण्याने सेलमध्ये मिळवलेली स्नोबोर्डची बाइंडिंग्ज होती, म्हणजे बूट फळीला जखडून ठेवणारे पट्टे, खटके आणि पोटरीला मागून टेकू देणारी पाठ. फळी त्याला एका शेजाऱ्याने स्वस्तात दिली होती. ती डिकीत होती.

"अरे, यावर चार भोकांचं चित्र आहे," मी म्हटलं.

"असतं तसं, काका."

"आणि तुझ्या फळीला किती?"

गाडीचा वेग कमी झाला. फळीला तीन होती.

कुकरचं झाकण घरी ठेवून रिंग आणायला जो बाजारात गेला आहे, त्याला पुढचं समजावून सांगायला नको. बाइंडिंगच्या पोटात एक चकती असते आणि तिच्यातून स्क्रू फळीतल्या भोकांत जातात. बहुतेक कंपन्या चार भोकांच्या पक्षाच्या. कुठे चार सेंटिमीटरचा चौकोन, तर कुठे लांबीच्या अंगाने दोन-दोन सेंटिमीटरवर, म्हणजे उभं राहायची जागा मागेपुढे सरकवायला जास्त वाव. बर्टन कंपनीने मात्र त्रिकोणात तीन भोकं पाडली. पुढे भोकंच रद्द करून फळीच्या मधोमध लांब खाच दिली. त्या खाचेसाठीच केलेली काही बाइंडिंग्ज तर इतर फळ्यांवर बसतच नाहीत.

गंमत म्हणजे ही भानगड याच टापूतली. जेक बर्टन कारपेंटरने १९७७ मध्ये कंपनी काढली ती स्ट्रॅटनजवळच्या लंडनडेरीत. १९८३ मध्ये स्ट्रॅटनने स्नोबोर्डवाल्यांना डोंगरावर घेतलं, तोवर त्यांना फारसं कुणी दारात उभं करत नव्हतं. (याच राज्यातलं मॅड रिव्हर ग्लेन अजूनही करत नाही.) १९६५ मध्ये मिशिगनच्या शर्मन पॉपेन यांनी मुलींसाठी दोन स्की एकत्र जोडून या फळीची पूर्वज बनवली, तिला बाइंडिंगच नव्हतं. त्यावर नुसतं उभं राहायचं, पुढे धरायला दोरी. भोकं नाहीत, भांडण नाही.

डोंगराच्या पायथ्याशी एका दुकानात दाढीवाल्या तरुणाने फळी पाहिली, खोकं पाहिलं आणि चकत्यांनी भरलेला खण टेबलावर उपडा केला. प्रत्येक कंपनीची चकती वेगळी. भोकं जुळली तर चकती बाइंडिंगमध्ये बसेना, चकती बसली तर भोकं जुळेनात. "दोन स्क्रू सरळ, एक जरा तिरपा घातला तर?" मी विचारलं. पुतण्याने भाषांतर केलं नाही, पण हातवारे पुरेसे होते. तरुणाने स्क्रूड्रायव्हर माझ्यापासून लांब सरकवला. चुकीचा लांब स्क्रू पिळला तर फळीच्या तळाला फुगवटा येतो, असं त्याने शांतपणे सांगितलं.

अखेर तिन्ही प्रकारांना चालणाऱ्या चकतीची बाइंडिंग्ज निघाली. किंमत ऐकून ही बाहेरचा बर्फ पाहायला गेली. मग त्याने बूट मागितले, कारण बाइंडिंगचं माप बुटावरून ठरतं. बुटाची बोटं फळीबाहेर फार आली तर वळताना बर्फ नांगरत जातात आणि माणूस आडवा होतो. मग पुतण्या बेसावध असताना त्याला मागून ढकललं. उजवा पाय पुढे पडला तर 'गूफी', डावा पडला तर 'रेग्युलर'. तो रेग्युलर निघाला. मलाही हौसेने ढकललं. माझा कोणताच पाय पुढे पडला नाही, मी जाकिटांचा स्टँड धरला.

"पडला की हे आपोआप सुटतं ना?" हिने परत येऊन विचारलं. स्कीचं सुटतं, याचं नाही. पाय फळीतच राहतात.

"मग आपण डोसाच खाऊ," ती म्हणाली. जमैकात डोसा मिळत नाही.

तेव्हा फळी आणि बूट दोन्ही काखोटीला मारल्याशिवाय बाइंडिंग घ्यायला जाऊ नका. सेलमधला माल परत घेत नाहीत. कुणाकडे चार भोकांची फळी रिकामी पडली असेल तर कृपया कळवावे. बाइंडिंग्ज कोरी आहेत, खोक्यासकट.