चॅटर आणण्याची सोपी रीत

गुळगुळीत फिनिश कुणीही काढतो. पण शेजारच्या गाळ्यातला माणूस चहा अर्धा टाकून बघायला धावेल, अशी लेथ ओरडवायला, म्हणजेच चॅटर आणायला, हात बसावा लागतो. नवशिक्यांनी बोरिंगपासून सुरुवात करावी. तिथे यश हमखास. समजा, तुम्ही कोल्हापुरात शिरोली एमआयडीसीत आहात आणि फाउंड्रीतून बिडाचा बुश आलाय. 30 मिलिमीटरचं बोअर, खोली 60.

आधी बार. 20 मिलिमीटरचा बार आरामात आत जात असला, तरी रॅकवरचा सगळ्यात बारीक उचला, 12 चा. व्यास कमी केला की बारचा बाक चौथ्या घाताच्या हिशोबाने वाढतो, त्यामुळे तेवढ्याच जोराखाली 12 चा बार 20 च्या पावणेआठपट वाकतो. आता तो टूल पोस्टमधून 65 मिलिमीटर काढून भागलं असतं, पण पुढच्या जॉबला पुन्हा सेटिंग कोण करणार? 130 काढा. लांबी दुप्पट झाली की बाक आठपट. दोन्ही मिळून साठपटीच्या वर कमाई, आणि खर्च शून्य.

स्टीलचा बार व्यासाच्या चौपटीपर्यंत बाहेर काढावा, कार्बाइडचा सहापटीपर्यंत, असा ठोकताळा आहे. तुमचा आता जवळजवळ अकरापट आहे. एवढ्या लांबीवर मुकाट चालणारे बारही मिळतात. त्यांच्या पोटात रबरावर तोललेलं जड वजन असतं आणि ते थरथर खाऊन टाकतं. असा बार मालकाकडे मागू नका. तो आधी तुमच्या बारकडे बघेल.

कुणीतरी शहाणा सांगेलच, की बार मऊ आहे, हार्ड करून आण. अवश्य आणा. हार्डनिंगने बार घासायचा कमी होतो, वाकायचा नाही. स्टील मऊ असो वा कडक, त्याची ताठरता तीच राहते. भट्टीवाल्याचं बिल झालं आणि आवाजही शाबूत राहिला. कार्बाइडची दांडी मात्र स्टीलच्या सुमारे तिप्पट ताठ असते, म्हणून तिच्यापासून दूर राहा.

इन्सर्ट मोठ्या नोज रेडियसचा घ्या, 1.2 चा, आणि फिनिशचा कट द्या 0.1. कट रेडियसपेक्षा इतका कमी असला की जोर बारच्या लांबीच्या दिशेने जात नाही, आडवा जातो, आणि आडवं वाकायला तर बार टपलेलाच असतो. 0.4 चा रेडियस आणि 0.5 चा कट दिला तर टूल खरोखर कापायला लागेल. सावध राहा.

मशीनकडे फार बघू नका. जिब ढिली असू द्या, कंपाउंड स्लाइड पार बाहेर काढा, पॅकिंगला हाताला येईल तो पत्रा चालतो.

आता मुख्य भाग. एकदा टूल थरथरलं की भिंतीवर लाट उमटते. पुढच्या फेरीत टूल त्या लाटेवरून जातं, चिप कुठे जाड कुठे पातळ होते, जोर कमी-जास्त होतो, थरथर वाढते आणि नवी लाट आणखी खोल उमटते. थोड्याच वेळात बोअरला उसाच्या शेतासारख्या सऱ्या पडतात. हे गणित टोबिआस आणि ट्लुस्टी या संशोधकांनी 1950 च्या दशकात मांडलं. त्यात तुमच्या कामाची गोष्ट एवढीच, की आधीची लाट आणि नवी लाट यांचा मेळ स्पिंडलच्या वेगावर ठरतो. आरपीएम थोडं वर-खाली केलं तरी मेळ मोडू शकतो. तेव्हा गिअरच्या दांड्याला हात लावायचा नाही. सीएनसीवर वेग सतत हलता ठेवण्याची सोय असेल तर ती बंदच बरी.

फीड मात्र जरूर कमी करा. ओरड ऐकली की प्रत्येकाचा हात आपोआप तिकडेच जातो, आणि आपल्याला तेच हवंय: टूल कापायचं सोडून घासायला लागतं. फीड वाढवल्याने मशीन गप्प झाल्याची उदाहरणं पुष्कळ आहेत, ती नव्या पोरांच्या कानावर पडू देऊ नका. म्हाताऱ्या मिस्त्रींनाही लांब ठेवा. ब्रेक ड्रमसारख्या पातळ जॉबला ते बाहेरून रबरी पट्टा आवळतात आणि सगळी मेहनत मातीत घालतात.

सुपरवायझर चिडला तर फ्रेडरिक टेलरचं नाव घ्या. सव्वीस वर्षं धातू कापण्याचे प्रयोग करून 1906 साली त्याने मांडलं, की टर्नरपुढच्या सगळ्या प्रश्नांत चॅटरचा प्रश्नच सगळ्यात अवघड. सुपरवायझर गप्प बसेल. बार किती बाहेर काढलास, असं त्याने उलट विचारलं तर संडासला जा.

शेवटी एमरी पेपर. त्याने सऱ्यांचे माथे चमकतात, खड्डे तसेच राहतात, लांबून बघणाऱ्याला बोअर आरशासारखं वाटतं. इन्स्पेक्टर मात्र आत नख फिरवून बघतो, तेव्हा त्याच्या जेवणाच्या सुट्टीतच माल चलनासकट टेम्पोत चढवा.