चिलखताला नीळ

पांढऱ्या रंगाची मला लहानपणापासून धास्ती. शाळेचा सदरा पांढरा होता, आणि संध्याकाळी आईपुढे उभं राहिल्यावर त्यावर काय काय सापडेल, याचा घोर दिवसभर असायचा. सत्तरीला पोचलो तेव्हा यातून सुटलो असं वाटलं होतं. मग लेकीकडे नॉटिंगहॅमला आलो आणि बारा वर्षांच्या नातवाने माझ्या तळहातावर दोन पेरांएवढा एक सैनिक ठेवला.

"आबा, हा तुझा. याला पांढरा रंगव."

नॉटिंगहॅम म्हणजे माझ्या लेखी रॉबिन हूडचं गाव. नातवाच्या लेखी ते गेम्स वर्कशॉप या कंपनीचं. 'वॉरहॅमर ४०,०००' हा युद्धाचा खेळ त्यांनी १९८७ मध्ये काढला. त्यातले सैनिक सुट्या भागांत मिळतात. आपणच ते जोडायचे, आपणच रंगवायचे. आमच्या दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे निदान रंगवून यायचे. एखाद्याचा डोळा गालावर उतरलेला असे, पण ती जबाबदारी कुंभाराची. माझ्या वाट्याला आलेला हा गडी अपोथेकरी, म्हणजे रणांगणावरचा वैद्य. बाकीची पलटण निळी असो वा लाल, वैद्याचं चिलखत शुभ्र.

पांढरं चिलखत, पांढरा रंग, त्यात काय अवघड? मी डबी उघडली आणि फासला. पाच मिनिटांत वैद्यबुवा चुना दिलेल्या भिंतीसारखे दिसू लागले. ही मांडी, हे पोट, हा खांदा, काही म्हणून कळेना. पांढऱ्या रंगातली टायटॅनियम डायऑक्साइडची पूड दाट बसली की खडूसारखी दिसते, हे ज्ञान मला नंतर मिळालं.

"सावली हवी," नातू म्हणाला. समोर 'नुल्न ऑईल' नावाची बाटली होती. नाव ऑईल, पण आत तेलाचा थेंब नाही, नुसतं काळसर पातळ पाणी. ते खाचांत आपोआप उतरतं, म्हणून हौशी मंडळी त्याला बाटलीतली प्रतिभा म्हणतात. प्रतिभा कमी पडू नये म्हणून मी ती नखशिखांत ओतली. वैद्यबुवा गटारातून वर आले. शिवाय वाळताना पाणी कडेला आधी उडतं, मधला रंग ओढून तिकडे नेतं आणि काठावर सोडतं, त्यामुळे छातीवर चहाच्या कपाच्या बुडासारखी वर्तुळं उमटली.

नातवाने सुस्कारा सोडला. माझ्या लेकीला गणित शिकवताना मी असाच सोडत असे.

मग शिकवणी सुरू झाली. आधी सगळीकडे फिका, निळसर राखाडी. सावलीचं पाणी फक्त सांध्यांत, बारीक ब्रशच्या टोकाने. नंतर उंचवट्यांवर मळकट पांढरा, तोही दुधाइतका पातळ करून, दोन-तीन हात. "कुठल्या दुधाइतका?" मी विचारलं. आमच्या गवळ्याचं दूध आणि म्हशीचं दूध यांत पुष्कळ अंतर असायचं. नातवाला गवळी ठाऊक नसल्यामुळे विनोद वाया गेला. आणि निखळ पांढरा? तो अगदी शेवटी, शिरस्त्राणाचा माथा आणि खांद्याची कड, एवढ्यालाच. डबीत ब्रश जेमतेम भिजला. तरीही हातभर लांबून पाहिलं तर बुवा लख्ख!

"पण निळसरच का?" मी विचारलं, आणि उत्तर मलाच आठवलं. आई शेवटच्या पाण्यात नीळ घालायची. पांढरा कपडा वापरून पिवळा पडतो आणि निळा त्या पिवळ्याला मारतो. चार थेंब जास्त पडले तर सदरा काखेत आकाशी होई आणि वर्गात शोभा होई, पण बेतात पडली की त्या सदऱ्याने डोळे दिपत. पांढऱ्यातला हा निळा चित्रकारांनाही दिसतो. क्लोद मोनेने १८६८-६९ च्या हिवाळ्यात बर्फातल्या कुंपणाचं चित्र काढलं, फाटकावर एक मॅगपाय पक्षी बसलेला. त्यात बर्फावरच्या सावल्या चक्क निळ्या आहेत. पॅरिसच्या सलों या प्रदर्शनाच्या परीक्षकांनी ते चित्र नाकारलं. त्या परीक्षकांचे कपडे दुसरंच कुणी धूत असणार.

सावली तपकिरीही चालते, असं नातू म्हणतो. तशाने चिलखत जुन्या हाडासारखं दिसतं. मला ते पटत नाही. वैद्याने कसं धुतल्यासारखं दिसावं.

हे मी त्याला पटवून देत होतो, तेवढ्यात ब्रश बुचकळला तो पाण्याच्या भांड्यात नाही, माझ्या चहात. आणि तसाच टेकला बुवांच्या उजव्या गुडघ्यावर. छान आसामी तपकिरी डाग, कडेला वर्तुळासह.

नातवाने सैनिक उचलून दिव्याखाली धरला. मी सदऱ्याच्या बाह्या लपवाव्यात तसा ब्रश पाठीमागे धरला.

"आबा, याचा गुडघा मळलाय."

"मळणारच," मी म्हणालो. "जखमी माणसाशेजारी गुडघा टेकल्याशिवाय औषध कसं देणार?"

त्याने क्षणभर विचार केला, आणि माझा चहा स्वतःकडे ओढून दुसऱ्या गुडघ्याला लावला.