जावयाची गाडी आणि माझी ट्राम

— काकू, रात्री दिवा दिसला तेव्हाच म्हटलं, आल्या! म्हणून सकाळी कुंपणावरूनच गाठलं.

— अगं, मी पहाटे तीनपासून टक्क जागी. आधी या शेवग्याच्या शेंगा काढून घे, सगळ्या तुमच्याच बाजूला वाकल्यात.

— शेंगा राहू द्यात. ह्यूस्टन कसं होतं ते सांगा.

— घर मोठं, फ्रिज त्याहून मोठा आणि बाहेर पाऊल टाकायची सोय नाही! कोथिंबीर संपली तरी लेकीची सुट्टी बघायची. देवळात जायचं तर जावई मोकळे हवेत. फूटपाथ दारापासून सुरू होतो आणि दोन घरांपुढे गडप. मी आपली खिडकीत बसून लोकांच्या मोटारी मोजायची. सुखाचा तुरुंग गं तो. एकदाची सुटले ती न्यू ऑर्लीन्सला.

— ते कुठे आलं?

— शेजारच्या राज्यात, लुइझियानात. मिसिसिपीच्या काठी. मोटारीने पाच-सहा तास. गेलो तोही नेमका फ्रेंच क्वार्टर फेस्टिव्हलचा शनिवार. एप्रिलमध्ये असतो, तिकीट नाही, काही नाही. नदीकाठच्या बागेत स्टेजवर स्टेज, बँडवर बँड. रामकुंडावर पर्वणीला पाय ठेवायला जागा नसते ना, तसलीच गर्दी. फक्त हातात तांब्याऐवजी बिअर. आणि जावयांना मोटार लावायला जागा मिळेना! चक्कर मारतायत, घाम पुसतायत. लेक म्हणते इकडे वळ, जावई म्हणतात तिकडे. दोघांची जुंपली. मी म्हटलं, मला इथेच उतरवा, समोर ट्राम दिसतेय.

— एकट्या उतरलात?

— मग! तीन डॉलरचा पास, दिवसभर कुठेही चढा-उतरा. साधं तिकीट सव्वा डॉलर. कोणाची विनवणी नाही, सीटबेल्ट नाही, ‘आई, दार नीट लावा’ नाही.

— पण तुमचे गुडघे?

— तीच तर गंमत. दोन जातीच्या गाड्या आहेत. हिरव्या त्या जुन्या, 1923-24 सालातल्या. सेंट चार्ल्स अव्हेन्यूवर धावतात. लाकडी बाकं, उघड्या खिडक्या, एसी-बीसी काही नाही. पायऱ्या अशा उंच की मी दांडा धरून देवाचं नाव घेतलं. लाल गाड्या दिसायला जुन्या, पण नव्या बांधलेल्या. त्यांना व्हीलचेअरसाठी लिफ्टसुद्धा आहे. नदीकाठची लाइन या लाल गाड्यांची, 1988 साली सुरू केलेली. सेंट चार्ल्सची मात्र 1835 पासूनची. जगात इतकी वर्षं चालू राहिलेली दुसरी ट्राम लाइन नाही म्हणतात.

— 1835? आपल्याकडे तेव्हा आगगाडीसुद्धा नव्हती!

— नव्हतीच. आणि हिरव्या गाडीला पुढचं-मागचं नसतंच. शेवटचा स्टॉप आला की ड्रायव्हर खाली उतरून वरच्या तारेचा दांडा बदलतो, आपलं हँडल घेऊन दुसऱ्या टोकाला जातो आणि जाता जाता बाकांच्या पाठी खटाखट उलट्या करतो. की झालं, शेपटीचं तोंड! मी मुद्दाम खाली उतरले नाही, ते बघत बसले. आमच्या गिरगावातून ट्राम जायची ना, लहानपणी तिच्याशी शर्यत लावून पळायचो आम्ही.

— तुम्ही मुंबईच्या ट्राममध्ये बसलायत?

— बसलेय तर! शेवटची ट्राम 31 मार्च 1964 ला बोरीबंदरहून दादरला गेली. बाबा बघायला गेले, मला नेलं नाही. तो राग अजून आहे मला. आता ऐक, त्या न्यू ऑर्लीन्सवाल्यांनीसुद्धा कॅनल स्ट्रीटची ट्राम त्याच वर्षी मे महिन्यात बंद केली. दोनच महिन्यांचं अंतर! तिथेही बसचंच कौतुक. पण त्यांना चूक कळली, चाळीस वर्षांनी, 2004 मध्ये, पुन्हा रूळ टाकून गाडी परत आणली. आपल्याकडे दादर टी.टी., म्हणजे ट्राम टर्मिनस, हे नाव तेवढं उरलं.

— परत आणली आणि नीट चालली?

— कुठली! पुढच्याच वर्षी कतरिना वादळ. आपल्याकडे 26 जुलैला मुंबई बुडाली आणि तिकडे महिन्याभराने, 29 ऑगस्टला ते शहर. लाल गाड्या डेपोत उभ्या होत्या, तिथेच पाण्यात गेल्या. हिरव्या म्हाताऱ्या उंचावरच्या डेपोत होत्या, त्या वाचल्या. पण त्यांच्या रस्त्यावरच्या तारा तुटलेल्या. मग काय, लाल गाड्या दुरुस्त होईपर्यंत या म्हाताऱ्यांनीच कॅनल स्ट्रीट आणि नदीकाठ सांभाळला. काकांना सांगितलं मी, बघा, म्हाताऱ्यांना अडगळीत टाकू नका.

— काका काय म्हणाले?

— पेपर वाचत होते. जाऊ दे. तर तो कॅनल स्ट्रीट. नाव कालव्याचं, पण कालवा काही खणलाच नाही. नुसतं ठरलं होतं. रस्ता मात्र एवढा रुंद की मधोमध ट्रामला ऐसपैस जागा. त्या मधल्या पट्ट्याला ते न्यूट्रल ग्राउंड म्हणतात. म्हणजे बघ, एकीकडे जुने फ्रेंच वळणाचे क्रिओल, दुसरीकडे नवे आलेले अमेरिकन, दोघांचं पटायचं नाही, म्हणून मधली जागा कोणाचीच नाही.

— आपल्या या कुंपणासारखं?

— चल! आपलं पटतं म्हणून तर शेंगा देतेय. हं, तर कॅनल स्ट्रीटच्या टोकाला नदी. तिथून लाल गाडी पकडली. एका बाजूला पूर अडवायची भिंत, दुसरीकडे नदी आणि शेजारच्या रुळांवरून मालगाडी. ती आली की पायी चालणारे सगळे अडकतात, डबे संपतच नाहीत! पलीकडे नाचेझ नावाची वाफेची बोट. सुटायच्या आधी तिच्यावरचं वाफेचं वाद्य असं काही किंचाळतं की भसाड्या सुरातसुद्धा लोक ठेका धरतात. मला तरी ते संगीत वाटलं नाही. शिट्ट्यांची भांडणं वाटली. जॅक्सन स्क्वेअरपाशी उतरले. पायऱ्या चढून बांधावर गेलं की नदी, तिच्या पात्रात भलीमोठी जहाजं. नदीला पाणी चढलं की गावातला रस्ता तिच्यापेक्षा खाली असतो म्हणे. मी भिंतीकडे दोनदा बघून घेतलं.

— आणि खायला?

— कॅफे द्यू मोंद. 1862 पासूनचा. बेन्ये नावाचा चौकोनी तळलेला प्रकार, एका ताटलीत तीन, वर पिठीसाखरेचा ढीग. चिकोरीची कॉफी दुधातली. मी घास घेतला तेवढ्यात शेजारचा शिंकला आणि माझ्या काळ्या ड्रेसवर साखरेची रांगोळी! रांग बघशील तर घाबरशील, पण मी एकटी होते, एकटी आजी म्हटल्यावर कोणीतरी टेबलापाशी बसायला जागा करून देतं. लुइझियानातल्याच कुठल्याशा गावच्या एक बाई होत्या, त्यांनी मला कॉफी दुसऱ्यांदा मागवायला लावली. सुनेबद्दल बोलल्या भरपूर. सगळं ओळखीचंच निघालं.

— अगंबाई! म्हणजे तिथेही तेच?

— तेच. फक्त सून डॅलसला. नंतर मी तिथूनच ट्रामने परत. गाडी मुंगीच्या चालीने, गर्दीत घंटा वाजवत. वेळेवर पोचायचं असेल तर बसू नये, अगदी खरं सांगते. एक ट्राम इतकी उशिरा आली की तिथल्या दोन बँडची सगळी गाणी पाठ झाली. पण उभं राहून कंटाळा आला तर मी स्वतः ठरवीन, निघायचं की थांबायचं. ह्यूस्टनला मला तेवढंसुद्धा ठरवता येत नव्हतं.

— आणि लेक-जावई?

— तासाभराने जागा सापडली त्यांना! ती इतक्या लांब की चालत चालत लेकीचे पाय दुखायला लागले. पार्किंगचे पैसे मोजून जावयांचं तोंड एवढंसं. मी काही बोलले नाही. फक्त पास दाखवला.

— काकू, तुम्ही म्हणजे!

— रविवारी मोटारीची किल्ली हॉटेलात ठेवून दोघं मुकाट्याने माझ्यामागे स्टॉपवर आली. गाडी आली, जावई रुबाबात पुढे झाले आणि यंत्रात विसाची नोट घालायला लागले. ड्रायव्हरबाईंनी हात आडवा केला. तिथे सुटे परत मिळत नाहीत. मागे रांग खोळंबलेली. शेवटी माझ्याच पर्समधून डॉलरच्या नोटा काढून तिघांचे पास घेतले. परतीच्या वाटेवर मोटारीत विचारत होते, ‘आई, ते नऊ डॉलर कसे देऊ?’ म्हटलं, राहू द्या, जावई आहात.