गळ्याचं सोवळं

ऑपेराच्या दुनियेतली सर्वांत बिनघोर बाई म्हणजे त्सेर्बिनेटा. एक प्रियकर गेला म्हणून ती रडत बसत नाही, कारण रुमाल सापडायच्या आत दुसरा दारात उभा असतो. आणि त्याच दुनियेतली सर्वांत घोर लागलेली बाई कोण, तर जिला आज संध्याकाळी ही त्सेर्बिनेटा गायची आहे ती. तिला वाऱ्याची भीती वाटते, एसीची वाटते, धुळीची वाटते आणि ट्राममध्ये समोर बसलेल्या पोराच्या वाहत्या नाकाची तर फारच.

जर्मन मुलुखात गावोगावी ऑपेराघरं आहेत, त्यामुळे ही बाईही गावोगावी भेटते. उन्हाळ्यातही गळ्याभोवती रुमाल, पिशवीत पाण्याची बाटली, वाफ घ्यायचं यंत्र आणि खारट गोळ्यांची डबी. ट्राममध्ये शेजारी कोणी खोकलं की ती डबा बदलते. उपाहारगृहात गेली की आधी भिंतीवरचा एसी कुठे आहे ते बघते, मग खुर्ची निवडते, मग मेन्यूकडे वळते, तोही तिखट आणि आंबट वगळून. कारण जठरातलं आम्ल रात्री वर येतं आणि स्वरतंतूंना जाळतं, असं तिच्या घशाच्या डॉक्टरांनी सांगितलेलं असतं. तेव्हापासून तिच्या पलंगाची डोक्याकडची बाजू चार बोटं वर उचललेली आहे. नवरा रात्रभर हळूहळू पायथ्याकडे घसरत असतो, पण त्याबद्दल त्याने तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.

प्रयोगाच्या दिवशी तर कडक सोवळं. सकाळपासून मौन. घरात जे काही सांगायचं ते वहीत लिहून. 'खिडकी.' 'फुलं बाहेर ठेव.' 'तू शिंकलास?' शेवटच्या वाक्याखाली दोन रेघा. दुपारी ती पाण्याच्या पेल्यात काचेची नळी बुडवते आणि नळीतून बुडबुडे काढत सूर लावते. ही गळा तापवायची रीतसर पद्धत आहे, वेड नव्हे. पण शेजारच्या फ्लॅटमधल्या माणसाला हे समजावून सांगायला तोंड उघडावं लागेल, आणि तोंड तर बंद आहे.

एवढं सगळं कशासाठी, तर एका थिल्लर पोरीच्या पार्टासाठी. रिचर्ड स्ट्राउसचा ऑपेरा 'आरिआडने आउफ नाक्सोस', संहिता हुगो फॉन हॉफमान्स्थालची. व्हिएन्नातल्या एका गडगंज गृहस्थाने पाहुण्यांच्या करमणुकीला एक गंभीर ऑपेरा आणि एक इटालियन प्रहसन अशा दोन्ही मंडळ्या बोलावल्या आहेत. ऐन वेळी कारभारी येऊन मालकांची मर्जी सांगतो: दोन्ही खेळ एकदमच करा, नऊच्या ठोक्याला आतषबाजी आहे. (सबंध ऑपेरात या कारभाऱ्याला गायला एक सूर नाही, नुसतं बोलायचं. पैसेवाल्याच्या माणसाला सुरात असण्याची गरज ती काय?) मग होतं असं की निर्जन बेटावर प्रियकराने टाकून दिलेली राजकन्या आरिआडने मरणाची वाट बघत पडलेली असते आणि तिची समजूत घालायला त्सेर्बिनेटा चार विदूषकांना घेऊन हजर होते. ते चौघे नाचून-गाऊन दमतात. मग ती एकटी पुढे येते आणि बाईला बाईने सांगावं तसं सांगू लागते: पुरुष असेच असतात आणि आपणही काही कमी नसतो. प्रत्येक नवा आला की देवच आला असं वाटतं, त्याला आपण काय करणार? वर आपल्या प्रियकरांची यादी. पाल्याझो, मेझेटिन, काविक्यो...

ही समजूत अकरा-बारा मिनिटं चालते. जिची घालायची ती राजकन्या गाणं रंगायच्या आधीच उठून गुहेत निघून जाते, पण त्सेर्बिनेटा थांबत नाही. तिला थांबताच येत नाही, कारण स्ट्राउसने ताना लिहून ठेवल्या आहेत. आपल्याकडचा गवय्या तान जागेवर रचतो. घसा बसला असेल तर त्या दिवशी वरच्या षड्जाला नुसता नमस्कार करून खाली येतो आणि रसिक त्यालाच संयम म्हणतात. इथे ती सोय नाही. प्रत्येक सूर कागदावर, आणि प्रेक्षागृहात चार माणसं तरी कागद पाठ असलेली.

पेटीच्या भाषेत सांगायचं तर पांढरी एकचा सा धरा. तार सप्तक संपलं, तरी बाई चढतेच आहे, आणि अतितार सप्तकातल्या गंधारावर जाऊन हसतमुखाने उभी राहते. मधे उड्या आहेत, साखळ्या आहेत, दोन शेजारच्या स्वरांमधली लांबलचक थरथर आहे. माइक नाही. पुढ्यात ३७ वादक. आणि ही सवलतीतली आवृत्ती बरं का! १९१२ साली स्टुटगार्टला हा ऑपेरा पहिल्यांदा झाला तेव्हा गाणं याहून लांब होतं, एक स्वर वर होतं आणि अतितार सप्तकातल्या तीव्र मध्यमापर्यंत जात होतं. मार्गारेटे झीम्स या गायिकेने ते गाऊन दाखवलं. १९१६ साली व्हिएन्नासाठी नवी आवृत्ती करताना स्ट्राउसने गाणं छाटलं आणि खाली उतरवलं. दया आली असावी. अर्धवट आली, एवढंच.

या गाण्याने नशीब उघडल्याचा दाखला प्रत्येक कोलोरातुरा, म्हणजे अशा चढ्या ताना घेणाऱ्या, बाईच्या जिभेवर असतो. ब्रातिस्लावाची एडिटा ग्रुबेरोवा १९७० पासून व्हिएन्नाच्या स्टाट्सऑपर या ऑपेराघरात गात होती; १९७६ साली वाद्यवृंद चालवणाऱ्या कार्ल ब्योमच्या हाताखाली त्सेर्बिनेटा गायली आणि एका रात्रीत जगाची झाली. त्यानंतर तीस वर्षांहून अधिक काळ ती ही भूमिका गात राहिली. आमच्या बाईला यातली रात्र आठवते, मधली सहा वर्षं ती पटकन ओलांडते.

रंगपटात येणारा-जाणारा प्रत्येक जण तिच्या डाव्या खांद्यावरून थुंकल्यासारखं करून 'तोय, तोय, तोय' म्हणतो. ही तिकडची दृष्ट काढायची रीत. त्यावर 'धन्यवाद' म्हणायचं नसतं, म्हटलं की अपशकुन. ही अट तिला फार सोयीची पडते. मौन मोडावं लागत नाही. ती नुसती मान हलवते आणि थुंकणाऱ्याला सर्दी नाही ना, हे डोळ्यांनी तपासते.

आणि मग ती प्रकाशात येते. सकाळपासून जिने वहीत लिहून संसार केला, ती दिग्दर्शकाच्या हुकुमावरून उंच टाचांवर पळते, आवळलेल्या चोळीत गिरकी घेते, झोपाळ्यावर उलटी लोंबकळते, चौघा विदूषकांच्या खांद्यावरून फेकली जाते आणि या सगळ्यात गाते. हातातला पंखा चेहऱ्यासमोर फडफडला की बघणाऱ्याला तो नखरा वाटतो. तो श्वास असतो. एका तानेच्या शेवटी ती पहिल्या रांगेतल्या टकलू गृहस्थाला डोळा मारते, तेव्हा त्याच्या बायकोला जो संशय येतो तो सर्वस्वी निराधार आहे. बाईच्या डोक्यात त्या वेळी फक्त पुढच्या उडीचं गणित चालू असतं. माझ्या मते या भूमिकेची परीक्षा वरच्या गंधारावर होतच नाही. तो बऱ्याच जणींना लागतो. पण गंधार लागल्यावर चेहऱ्यावर 'हुश्श' दिसलं, की तिथे त्सेर्बिनेटा मेली आणि गायिका उरली. जिला सूर लागल्याचं आश्चर्य वाटत नाही, उलट असा आणखी एखादा प्रियकर सहज गटवला असता असं जी दाखवते, तीच खरी.

टाळ्या एवढ्या पडतात की वाद्यवृंद थांबतो. त्या ओसरल्या की चौघा विदूषकांतला हार्लेकिन येऊन तिच्या प्रवचनाची थट्टा करतो, थोडी पळापळ होते, आणि बाईचं मुख्य काम संपतं. पुढे टेनर, म्हणजे चढ्या आवाजाचा गायक, येणार, तो देव निघणार, राजकन्येला घेऊन जाणार. शेवटचं लांबलचक द्वंद्वगीत त्यांचं, पोस्टरवरचं नावही राजकन्येचं. एखादी ओळ टाकण्यापुरती ही परत येते. मुजऱ्याच्या वेळी मात्र आरोळ्या हिच्याच नावाने उठतात. टेनर आणि राजकन्या या वेळी जे हसतात ते अभिनयकलेचं टोक असतं.

सोवळं सुटतं ते कँटीनमध्ये. दिवसभर साठलेलं सगळं बाहेर पडतं. क्लॅरिनेटवाल्याने कुठे घाई केली, तिसऱ्या विदूषकाने कसला सेंट मारला होता, दुसऱ्या तानेनंतर पंखा कसा अडकला. गोंगाटात ओरडून बोलणं गळ्याला गाण्याहूनही वाईट, हे डॉक्टरांनी बजावलेलं असतं. ती ओरडूनच बोलते. बिअर मागवते. बर्फासह काहीतरी मागवते. तिखट सॉसेज मागवते. नवरा कौतुकाने बघत असतो, कारण लग्न केलं ते या बाईशी.

अशात फोन वाजतो. एजंट. दीडशे मैलांवरच्या एका गावातली त्सेर्बिनेटा सकाळपासून घोगरी झाली आहे. उद्या संध्याकाळी प्रयोग, तयार कोण आहे? ही तिकडची नेहमीची गोष्ट. दुपारी पोहोचायचं, रंगमंचावर कुठून यायचं ते व्हिडिओवर बघायचं, दुसरीचा पोशाख टाचण्यांनी अंगावर बसवायचा आणि गायचं. देशातल्या सगळ्या त्सेर्बिनेटा एकमेकींच्या प्रकृतीची एवढी चौकशी का करतात, याचं उत्तर यातच आहे.

'अरेरे, बिचारी!' असं ती मनापासून म्हणते. मग 'हो' म्हणते. मग सॉसेजची बशी नवऱ्याकडे सरकवते, रुमाल गळ्याभोवती दोनदा गुंडाळते आणि शेजारच्या टेबलावर पंख्याची गोष्ट पुढे ऐकायला थांबलेल्यांकडे बघून ओठांवर बोट ठेवते. नवरा न सांगता उठतो आणि खिडकी लावून येतो.